दाबला की वर येनारा चिमटा

उमाजी मामा आन केवळा मामी घरात एकमेकाशी बोलत नव्हते. भांडन बिंडन काई न्हाई, पद्धतच तशी व्हती. घरात सासू बसलेली, ओसरीवर थोरला दीर बसलेला, तिथं बाईनं नवऱ्याशी तोंड वर करून बोललं की लोकं नाव ठिवायचे. लेकरं शाळंत जायला लागली तरी तेच. मामाला पानी पायजे असलं तर मामा भिताडाकडं बगून म्हनायचे, "आई, उलसं पानी." आन पानी आनायची मामी. मामीला त्येल संपल्यालं सांगायचं असलं तर ती चुलीपसून म्हनायची, "आत्याबाई, त्येल संपलंय." आन ऐकायचे मामा. मधी आजी. आजी म्हंजे सुगंधाबाई, मामाची माय. सगळ्या घराचं बोलनं तिच्या तोंडातून जायचं.

रातचं तर इचारूच नका. आमची घरं मेंढरावाल्याची. मेंढरं लोकाच्या रानात खताला बसवायची, मामा तिकडंच घोंगडी टाकून पडायचे. मामी घरात, सासूच्या बाजूला.

मंग ही दोघं बोलायची कुठं? तर सायकलीवर.

मामा आता न्हाईत. तेराव्याला सगळे बसले तवा ह्या सायकलीची गोष्ट निघाली, आन रडता रडता लोकं हसायला लागली. म्हनून म्हनलं एकदा नीट सांगून टाकावी, म्हातारी मानसं हायत तवर.

सायकल काळी, उंच, लग्नातली. लग्नात नवरदेव रुसतो सायकलीसाठी, तसं मामाला रुसता येईना. लाजाळू मानूस. मंग त्याच्या वतीनं थोरले मामा, येडबा, रुसले. जेवायच्या पंगतीतून उठून जाऊन बसले बाभळीखाली, आन सासऱ्यानं सायकल कबूल केली तवा आले. पर चालवली ती उमाजी मामानंच.

बाजाराच्या दिवशी मामा पेडगावाहून परभनीला निघायचे. मागं क्यारेलवर मामी, दोन्ही पाय एका अंगाला, मांडीवर पिशवी. गावातून जाताना मामी मुकी. डोक्यावरला पदर दातात. शेवटचं घर मागं पडलं, ओढा उतरला, की मामीचं तोंड उघडायचं. मंग ते परभनीची घरं दिसंस्तवर बंद व्हत नव्हतं. धाकट्याच्या डोक्यात उवा झाल्यात इथपसून ते सोयरीक कुनी मोडली इथपर्यंत. मामा नुसते हूं हूं करायचे, आन मधीच एखादी गोष्ट सांगायचे, मेंढीची नायतर रानाची. मामी खदाखदा हसायची. घरात मामीचं हसू कुनी ऐकलं नव्हतं.

आता गंमत बगा. चढ लागला की मामा खाली उतरायचे, मामी बी उतरायची, दोघं बाजूबाजूनं चालायचे. आन तेवढा येळ दोघं बी गप. तोंडाला तोंड आलं की त्याइला लाज वाटायची. पुन्हा सायकलीवर बसलं, मामाचं तोंड रस्त्याकडं आन मामीचं रानाकडं, की जिथं तुटलं व्हतं तिथून बोलनं चालू.

ती सायकल मोडली.

पावसानं सडकंची खडी उघडी पडली व्हती. बाजार करून परत यायलेत, ओढ्याचा उतार लागलेला. मामी म्हनली, "आवं, एक सांगायचंय, पर आदी ऐकून घ्या, मंग बोला." मामा म्हनले, "हूं." आन पुढचं चाक खड्ड्यात गेलं, काडकन आवाज झाला. मामा हँडलवरून पुढं, मामी मागं, ज्वारीचं गठुडं तिसरीकडं. मामीचा कुल्ला लय दुखावला, मामाचं कोपर सोललं. सायकलीचं पुढचं चाक मानंपसून सुटून वाकडं पडल्यालं.

मामानं इचारलं, "लागलं का?"

"न्हाई." मामी साडी झटकायली. "ऐका ना, ते म्या..."

तेवढ्यात गावातली गाडी आली मागून, त्यात चार मानसं. मामीनं पदर दातात धरला. मामीला गाडीत बसवलं, मामा सायकल खांद्यावर घेऊन मागून चालत आले. बोलनं तिथंच ऱ्हायलं.

घरी आल्यावर आजीनं मामीच्या कमरंला शेक दिला आन सगळ्याच्या देखत सांगून टाकलं, "आता सुनबाई सायकलीवर बसायची न्हाई. बाजाराला मह्यासंगं यष्टीनं येईल."

मामा काय बोलतेत. मला बायकोशी बोलायचंय म्हनून सायकल पायजे, असं कोन्या तोंडानं सांगावं मायला? 

पुढच्या बाजाराला मामी यष्टीनं गेली, आजीच्या मांडीला मांडी लावून. मामा मेंढरामागं. त्याच्या पुढच्या बाजाराला बी तेच. मामाचं जेवनात ध्यान लागंना. मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरायली तरी ह्याचं लक्ष न्हाई. डोक्यात एकच, त्या दिशी ती काय सांगत व्हती. लेकराचं कायतरी? तिच्या माहेराचं? का माझंच काई चुकलंय? भाकर देताना मामी खाली बगायची, मामा ताटाकडं बगायचे. आजीला वाटलं पोराचं पोट बिघडलंय. तिनं ओवा दिला. मामानं गुमान खाल्ला.

मंग मामा एक दिवस म्हनले, "आई, सायकल दुरुस्त करावी लागंल. लोकर न्यायची कशावर?"

"कर की," आजी म्हनली. "लोकरीला कोन न्हाई म्हनतंय."

घरात सगळे म्हनायचे, सायकलीची मान मोडली. पर गावातल्या पंक्चरवाल्यानं बगून सांगितलं, "मान न्हाई मामा, ह्याला चिमटा म्हनतेत. चाकाला दोन बाजूनं धरतो त्यो. तुमचा फाटलाय. परभनीहून नवा बसवून आना, हितं हुनार न्हाई." मामानं नवा शब्द ध्यानात ठिवला. चिमटा.

यष्टीच्या टपावर सायकल टाकून मामा परभनीला गेले. तर परभनी बंद. नामांतराचा मोर्चा व्हता, दुकानाच्या फळ्या लागलेल्या, चौकात पोलिसाच्या गाड्या उभ्या. एक च्याची टपरी बी उघडी न्हाई. मामा परत यष्टीच्या टपावर सायकल टाकून गावाकडं. पारावर बसलेली मंडळी म्हनली, "उमाजी, सायकलीला परभनी दाखवून आनली व्हय? बरं केलं, तिला तरी हवा."

त्या सांजच्याला मामाच्या मनात आलं, नवा घ्यायचाच हाय तर तिला इचारून घ्यावा. बसनार ती. हिसका बसला तिला. तिच्या मनासारखा असला तर तीच सासूला म्हनंल, आता बसते म्हनून. ओसरीवर थोरले मामा चातीवर लोकर काततेत, आजी दारात बसून डाळ निवडायली, मामी आत चुलीपशी. मामा भिताडाकडं बगून म्हनले, "आई, चिमटा आनायचाय परभनीहून. कसा पायजे म्हनावं?"

आजीनं मान न उचलता आवाज दिला, "केवळा, चिमटा कसा पायजे म्हनतोय."

आता हितं काय झालं ते बगा. मामीच्या चुलीतला चिमटा, निखारे धरायचा, भाकर उलटायचा, त्याचा खिळा कवाच ढिला झाला व्हता. दाबला की दबूनच बसायचा, भाकर राखंत पडायची, मामीची बोटं भाजायची. ती दोन-तीनदा सासूला म्हनली व्हती, सासू इसरायची. सायकलीच्या त्या लोखंडाला चिमटा म्हनतेत हे मामीला काय मालूम. तिच्या घरात चिमटा एकच. तिला वाटलं, बगा ह्या मानसाचं ध्यान किती हाय. मह्या बोटाकडं बगितलंय ह्यायनी.

ती खुशीनं म्हनली, "आत्याबाई, लय जड नको म्हनावं, हलका पायजे. आन दाबला की दबला पायजे, सोडला की आपला आपला वर आला पायजे. टोकाला डगडग नको. जुन्यानं लय हाल केलेत मह्ये."

आजीनं तसंच्या तसं सांगितलं. एक शबूद गाळला न्हाई.

मामा चकित. दाबला की दबावा, सोडला की वर यावा. म्हंजे खड्डा आला की खाली जावा आन पुन्हा वर यावा, वर बसलेल्याला हिसका बसू नये. मानसानं इचार करावा तर असा. आपल्या तर डोक्यात बी आलं नसतं. मामा त्या रातीला रानात घोंगडीवर पडून एकटेच हसायलेत.

पुढच्या वक्ताला परभनी उघडी व्हती. स्टेशनाच्या रस्त्याला नागनाथ म्हनून एकाचं सायकलीचं दुकान. नागनाथ जाडजूड, कानावर पेन्सील, हात सदा काळे. त्यानं सायकल बगितली आन दोन चिमटे पुढं ठिवले.

"ह्यो सादा. आन ह्यो डबल, ह्याला आडवी-उभी जास्तीची पट्टी हाय. कंचा पायजे बोला."

मामानं सादा उचलला, टोकं फरशीवर टेकवली आन वरून दोन्ही हातानं जोर दिला.

"काय करायलात पाव्हनं?"

"दाबून बगायलोय."

"पाव्हनं, चिमटा हाय, आंबा न्हाई."

दुकानात बन्सीधर म्हनून एक दूधवाला चेन बसवून घ्यायला आल्याला. त्याच्या सायकलीला दोन्ही अंगाला ह्ये मोठाले कॅन. तो हसला आन म्हनला, "पाव्हनं, डबल घ्या. दोन्ही कॅन भरलेले असतेत, नाल्यात आदळतो मी. टस का मस न्हाई."

"दबतो का?" मामानं इचारलं.

"दबतो कसा? जन्मात दबायचा न्हाई."

"मंग नको."

बन्सीधरानं नागनाथाकडं बगितलं, नागनाथानं बन्सीधराकडं.

मामा म्हनले, "घरून सांगितलंय. दाबला की दबला पायजे आन सोडला की आपला आपला वर आला पायजे."

"घरून म्हंजे वैनीनं?"

मामानं रस्त्याकडं बगितलं. "घरून."

"मंग चिमटा कामून घेता?" बन्सीधर म्हनला. "पाळनाच न्या ना. वर बी येतो, खाली बी जातो, लेकरू बी झोपतंय."

मामाला राग आला न्हाई. राग त्याइला येतच नव्हता. ते आपले मुद्दा धरून बसले. "हलका बी पायजे म्हनली. आन टोकाला डगडग नको."

नागनाथाचं हसू थांबलं. त्यानं कानावरली पेन्सील काढली आन डोकं खाजवलं. "पाव्हनं, तुमच्या घरून शाकअप मागितलाय."

"काय मागितलाय?"

नागनाथ स्टुलावर चढला आन माळ्यावरून पोत्यात गुंडाळल्यालं काई काढलं. धूळ झटकली. चिमटाच व्हता, पर त्याचे पाय जाड, एका नळीत दुसरी नळी, आन आत स्प्रिंग. "मोठ्या शेरात आता डोंगरात चालवायच्या सायकली निघाल्यात, जाड टायराच्या. त्याइचा ह्यो. लुधियान्याहून मालासंगं एक आला. परभनीत डोंगर कुठाय? पडून हाय."

मामानं टोकं फरशीवर टेकवली, दाबलं. चिमटा खाली गेला. सोडलं, वर आला. पुन्हा दाबलं. पुन्हा वर. मामा लेकरावानी दाबत ऱ्हायले. बन्सीधरानं बी येऊन एकदा दाबून बगितला.

"पर थांबा," नागनाथ म्हनला. "सगळं सांगतो, मंग मला बोल नका लावू. एक, ह्यो साद्यापक्षा जड हाय. मऊ पायजे तर आत लोखंड येनारच. दुसरं, तुमचं चाक ह्याच्यात मावत न्हाई, पुढं बारकं चाक घालावं लागंल. तिसरं, तुमचा दांडीचा ब्रेक ह्याला बसनार न्हाई. पुढचा ब्रेक काढूनच टाकावा लागंल, नुसत्या मागच्यावर सावकाश चालवायची. आन दिसायला कशी दिसंल ते तुमी बगून घ्या. माझं ऐकाल तर सादा न्या. सादा कवा दगा देत न्हाई."

"सादा तर मोडला की."

"तुमचा पंधरा-वीस वरसं चालला असंल. अजून काय पायजे त्याच्याकडून?"

ते बी खरं व्हतं. मामा दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. एका बाजूला सादा ठिवला, एका बाजूला शाकअप, मधी डबल. डबल नेला तर आजी खुश व्हईल, जाड दिसतोय, मजबूत. सादा नेला तर सायकल हाय तशी ऱ्हाईल, गावात कुनी हसायचं न्हाई. शाकअप नेला तर गाव हसंल, थोरला भाऊ तर आदी हसंल. पर सांगितलं कुनी व्हतं? मायनं न्हाई, भावानं न्हाई, गावानं न्हाई. एवढ्या वरसात केवळानं आपल्या तोंडानं एक वस्तू मागितली व्हती, मधी आजी का असंना. जड हाय तर हाय. तिनं सांगितल्याली निम्म्याच्या वर गोष्ट ह्याच्यात हाय. आन सावकाश चालवायची म्हनतोय तर बरंच हाय की, रस्ता लांबंल.

मामा उठले. "ह्योच बसवा."

लोकर इकून गाठीला व्हते ते पैसे दिले. नागनाथानं शाकअपची वरची नळी मापात कापली, बारकं चाक घातलं, पुढचा ब्रेक सोडून मामाच्या पिशवीत टाकला. सायकल उभी केली तर पुढून ठेंगनी, मागून उंच. बन्सीधर म्हनला, "पुढून शेळी, मागून घोडी झाली पाव्हनं." मामा म्हनले, "शेळी गरीब असती."

वाटंनं मामानं एक खड्डा सोडला न्हाई. मुद्दाम त्यातूनच नेली. ओढ्याचा उतार आला तवा सायकल खाली गेली, वर आली, मान डोलवावी तशी. मामाला गुदगुल्या व्हायल्या. घरी कवा जातो असं झालं.

अंगनात सायकल लावली. थोरले मामा ओसरीवर, आजी दारात. मामा भिताडाकडं बगून म्हनले, आवाज जरा चढवूनच, "आई, आनला म्हनावं. सांगितला तसाच. बाहीर येऊन दाबून बगा म्हनावं."

"केवळा, आनलाय बग," आजी म्हनली.

मामी लगबगीनं हात पुसत आली. पयलं मामाच्या हाताकडं बगितलं. हात रिकामे. मंग पिशवीकडं बगितलं. पिशवीतून लोखंडी दांडी बाहीर आल्याली, तिला वाटलं ह्योच. तिनं ती वढून काढली. सायकलीचा ब्रेक.

मामा हँडलवर दोन्ही हात ठिवून सायकल खाली-वर करायलेत. "ह्यो बग. दाबला की दबतो, सोडला की वर. टोकाला बिलकुल डगडग न्हाई. हलका तेवढा मिळाला न्हाई."

मामीनं सायकलीकडं बगितलं. ब्रेककडं बगितलं. आन ती सासू इसरली, दीर इसरली, पदर इसरली. सरळ मामाच्या तोंडाकडं बगून म्हनली, "आन मह्या चुलीचा चिमटा?"

ओसरीवरची चाती थांबली.

"कंचा चुलीचा?" मामा म्हनले.

"निखाऱ्याचा. म्या तर निखाऱ्याचा सांगितला व्हता."

"मंग दबला पायजे कोन म्हनलं?"

"चिमटा दबतच असतो. दबला न्हाई तर भाकर धरायची कशानं?"

"आन सोडला की वर आला पायजे?"

"त्यो वर येईना म्हनून तर बोटं भाजायलीत. हे बगा." मामीनं बोटं पुढं केली.

मामानं बोटं बगितली. खरंच भाजल्याली. "मला काय मालूम," ते म्हनले. "ह्याला बी चिमटाच म्हनतेत."

"कुनी सांगितलं?"

"पंक्चरवाल्यानं."

"पंक्चरवाल्याच्या घरी भाकरी कशानं उलटतेत इचारायचं मंग त्याला."

थोरले मामा खोकले. पद्धत अशी की दिरानं खोकलं की भावजयीनं आत जायचं. मामी गेली न्हाई. थोरले मामा उलसं थांबले, पुन्हा खोकले. मंग चाती उचलून आपनच गोठ्याकडं गेले. जाता जाता सायकलीला एकदा दाबून बगितलं.

आन आजी हसायला लागली. आदी गप हसली, मंग सुपातली डाळ सांडली, मंग कूस धरून हसायली. "माय माय माय. म्या मधी बसून सांगायलेय, हलका पायजे, डगडग नको. मला वाटलं चुलीचंच बोलायलेत. ह्याला वाटलं सायकलीचं." डोळे पुसून पुन्हा हसली. हसू सरल्यावर तिनं सूप बाजूला ठिवलं आन म्हनली, "ऐका रे दोघं. आजपसून तुमचं तुमी बोला. मह्या तोंडातून एकाचं एक जायलंय. उद्या हा म्हनंल शेळी इक आन तू इकशील गाय. म्या म्हातारी झाले आता, मला न्हाई हुयाचं हे काम."

अशी सासू ह्या गावात दुसरी नव्हती. तिनं ते हसत म्हनलं, पर शब्दाला पक्की व्हती. दुसऱ्या दिवशी मामा भिताडाकडं बगून म्हनले, "आई, उलसं पानी," तर आजी ढिम्म हलली न्हाई. म्हनली, "भिताडाला माग." मामानं लय येळ वाट बगितली. मंग मान खाली घालून हळूच म्हनले, "आगं, पानी आन." मामीनं आनलं. दोघं बी लाल झाले.

थोरल्या मामाचं मातर सायकलीवरून चालू झालं. "हे सोंग परत करून ये. सादा बसव. मी रुसून घेतल्याली सायकल हाय ती, माझी इज्जत हाय त्यात." गावात पोरं मागं लागायली. पारावरचे म्हनायचे, "उमाजी, सायकल निवद दाखवायला वाकलीय काय?" मामा हसायचे. पर मनातून डळमळले. जिच्यासाठी आनला तिनं तर मागितलाच नव्हता. परत करावा का?

त्यायनी इचारलं. पयल्यांदा, कुनाला मधी न घालता, चुलीपशी उभं ऱ्हाऊन. "काय करावं? परत देऊ का?"

मामी भाकर थापायली व्हती. "म्या अजून बसले कुठं त्याच्यावर?"

"बसशील?"

"आत्याबाईला इचारते."

आजी बाहीरून म्हनली, "मला इचारू नको म्हनलं ना."

बाजाराच्या दिवशी मामी क्यारेलवर बसली. शेवटचं घर मागं पडलं, ओढा आला. मामानं मागचा ब्रेक हळूहळू दाबत उतार घेतला. त्याच खड्ड्यात चाक गेलं. सायकल खाली गेली, वर आली. मामीच्या मांडीवरली पिशवी बी हलली न्हाई. मामी "अगं बाई" म्हनली, बस.

मामा वाट बगायलेत, आता बोलंल, मंग बोलंल. मामी रानाकडं बगायली. ज्वारी हुरड्यात आल्याली, पाखरं हाकलायला मानसं माचावर चढल्याली. बरंच अंतर गेलं. मामाला ऱ्हावंना.

"त्या दिशी उताराला काय सांगत व्हतीस?"

"कवा?"

"पडलो त्या दिशी. एक सांगायचंय म्हनलीस, आदी ऐकून घ्या म्हनलीस."

मामीनं इचार केला. "काय की. इसरले."

"इसरलीस?" मामानं पायडल मारायचं थांबवलं. "अगं, म्या तेव्हापसून त्याचाच घोर लावून घेतलाय. ओवा खाल्लाय त्याच्यापायी."

"मोठं काई नसंल मंग. मोठं असतं तर आठवलं असतं." मामी खुदकन हसली. "का तुमीच सांगा काय असंल ते."

मामा पुन्हा पायडल मारायला लागले. परभनीत आदी नागनाथाच्या दुकानापुढं सायकल उभी केली. नागनाथ बाहीर आला. "काय पाव्हनं, बदलायचाय ना? मी म्हनलंच व्हतं. सादा काढून ठिवलाय."

मामानं मागं बगितलं. मामी चार मानसात, दुकानाच्या मधी, पदर न घेता म्हनली, "न्हाई भाऊ, ह्योच ऱ्हाऊ द्या. बरा हाय. जड हाय, पर मऊ हाय."

मंग तांबटाच्या गल्लीत जाऊन चुलीचा चिमटा घेतला. तो मामीनं दाबून घेतला, मामानं बी दाबून बगितला.

परत येताना बी मामी गप. मामाला पुन्हा घोर. "बोलायली कामून न्हाईस? कंबर दुखायली का?"

"न्हाई."

"मंग?"

"आता काय घाई हाय," मामी म्हनली. "घरी गेल्यावर बोलू की."

तो शाकअप लय वरसं टिकला असं बी न्हाई. दोन-तीन पावसाळ्यात स्प्रिंगा गंजल्या, दाबला की दबूनच बसायला लागला. मामानं गुमान सादा बसवून आनला, पुढचं चाक बी मोठं, ब्रेक बी जागेवर. सायकल पयल्यासारखी झाली. थोरले मामा खुश. आन मामीच्या ध्यानात सुदिक आलं न्हाई. तवर घरात दोघाचं बोलनं एवढं वाढलं व्हतं की आजी दारात बसून म्हनायची, "पयलंच बरं व्हतं गं माय, कान तरी शांत असायचे." सांज झाली की मामा रानात जायच्या आदी चुलीपशी टेकायचे, मामी भाकरी थापायची, आन मेंढरं कुन्या रानात बसवायची ते लेकीला कुठं द्यायची ते, सगळं तिथंच ठरायचं. लेकीच्या लग्नात जावयाला सायकल द्यायची ठरली तवा मामी म्हनली, चिमटा कंचा पायजे ते तिलाच इचारा, तिच्या सासूला नको.

आजी गेली, थोरले मामा गेले. आता उमाजी मामा गेले. तेराव्याला बायका मामीला धरून बसल्या व्हत्या. एक म्हनली, "केवळाबाई, जाताना काय बोलले का गं काई?" मामीचे डोळे कोरडे व्हते. तिनं उलसा इचार केला, त्या दिशी सायकलीवर केला तसा.

"न्हाई," ती म्हनली. "मागं ठिवलंच नव्हतं काई बोलायचं."